सकाळी बंद, रीस्टार्टला चालू: वायरच्या माउसचं एक प्रकरण

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की माउस हलत नाही. वायर काढून परत खोचली की लगेच चालतो, आणि मग दिवसभर काही त्रास नाही. तक्रार एवढीच. ठिकाण सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं एक अडत दुकान. मशीन असेंबल केलेलं, सहा-सात वर्षं वापरलेलं, त्यावर विंडोज १०, आत जुनी हार्डडिस्क. माउस आणि कीबोर्ड दोन्ही वायरचे, यूएसबीचे.

एका माउसवर एवढं लिहायचं कारण असं की हा बिघाड मला वरचेवर भेटतो, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्यावर माउस बदलण्याचाच उपाय आधी होऊन गेलेला असतो. इथे माउस बदलून झाला होता, मग आणखी एकदा बदलून झाला होता, आणि शेवटी मशीन फॉरमॅटही मारून झालं होतं. पैसे गेले ते गेलेच, शिवाय टॅली या हिशोबाच्या प्रोग्रॅमचा डेटा परत बसवण्यात हंगामातला एक अख्खा दिवस गेला.

हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते मे. या दिवसांत यार्डात सकाळपासून सौद्यांची गडबड असते. सौदे सुरू व्हायच्या आत आदल्या दिवशीच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोबाचे कागद, काढायच्या, हमाली-तोलाई धरून हिशोब लावायचा, भरलेल्या गाडीचं ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन पत्र, करायचं. टॅली कीबोर्डवर चालतं, दिवाणजींचा हात त्यावर इतका बसलाय की तिथे त्यांना माउस लागतही नाही. पण ई-वे बिलाच्या पोर्टलवर माउसशिवाय फार अडतं. गाडीवाला दारात उभा, आणि साठी ओलांडलेले दिवाणजी टेबलाखाली वाकून, गुडघा धरून वायर काढतायत आणि लावतायत, असं रोज चाललं होतं. बिघाड किती मोठा हे मशीनवरून ठरवू नये, असं मला वाटतं.

कधी?

मला निरोप मिळाला तो "माउस खराब झालाय, नवीन घेऊन या" असा. मी आधी फोनवरच विचारलं, "दिवाणजी, दिवसा मध्येच कधी बंद पडतो का?"

"नाही ओ. एकदा चालू झाला की संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"मध्ये कधी रीस्टार्ट केलं तर?"

"तवा चालतो. फक्त सकाळीच."

अर्धं निदान याच उत्तरात होतं. माउस खराब असता, तर तो सकाळ-दुपार बघत बसला नसता. वायर आतून तुटायला आली असती, तर हात हलला की बंद, हात हलला की चालू, असं दिवसभर झालं असतं. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला माउसशी बोलू देणारा प्रोग्रॅम, बिघडला असता, तर रीस्टार्टलाही हेच दिसलं असतं. फक्त सकाळी, फक्त रात्रभर बंद राहिल्यावर जे होतं, त्याचं कारण बंद होणं आणि चालू होणं यांच्यामध्ये कुठेतरी असतं.

आधीचे उपाय का फसले, हेही याच्यातूनच कळतं. दुरुस्तीला माणूस येतो तो दुपारी, त्याच्या सवडीने. तोवर मशीन चालू असतं. तो नवा माउस लावतो, म्हणजे मुळात वायर काढून परत लावतो, आणि तेवढ्यानेच माउस चालू होणार असतो. खात्रीसाठी तो रीस्टार्ट करतो, आणि रीस्टार्टलाही माउस चालणारच असतो. दुकानदाराला वाटतं झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. फॉरमॅटनंतर दोन-तीन दिवस माउस बरा चालला होता, त्याचं कारणही वेगळं नाही. नव्या विंडोजवर अपडेट उतरत होते आणि ते एकसारखे रीस्टार्ट मागत होते.

म्हणून मी सांगितलं, उद्या सकाळी मी येईपर्यंत कोणी बटण दाबायचं नाही.

दुकान उघडताना

सकाळी पोचलो तेव्हा मेन स्विच नुकताच वर केला होता. हे मी मुद्दाम पाहिलं. दुकानाच्या मागे गोदाम, गोदामात थप्पीला लावलेली हळदीची पोती. शॉर्टसर्किटची धास्ती म्हणून शेठ रोज रात्री मेन स्विच पाडूनच कुलूप लावतात. म्हणजे रात्रभर कॉम्प्युटरला वीज अजिबात नाही. बऱ्याच ऑफिसांत मशीन शटडाउन करतात, पण भिंतीवरचं बटण तसंच चालू राहतं. हा फरक पुढे फार कामाला आला.

सीपीयूचा डबा टेबलाखाली, जमिनीवर. त्याच्या पुढच्या एका पोर्टात चार तोंडांचं एक साधं हब, आणि माउस त्या हबात. त्याच हबात डिजिटल सहीचं टोकन आणि मोबाइल चार्जिंगची वायर. कीबोर्ड मात्र सीपीयूच्या मागे, थेट.

टॉर्च मारून पुढचं पोर्ट पाहिलं. आतली पांढरी पट्टी पिवळीधमक झाली होती. हळदीची पूड पत्र्याच्या कडेला घट्ट बसलेली, हबाच्या तोंडाशी तर तिचा थरच होता. अशा वेळी कोणीही म्हणेल, सापडलं. ब्लोअर मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मिटलं. मी अजून काही पुसलं नाही. पुसायला वायर काढावी लागते, आणि वायर काढली की बिघाड पळून जातो. मग तो सफाईने गेला की वायर काढल्याने गेला, हे कोणाला कळणार?

बटण दाबलं. माउसच्या पोटातली लाल लाइट लागली. लगेच डिलीट दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, गेलो. या बोर्डाच्या बायोसमध्ये माउस चालतो, आणि तिथे बाण व्यवस्थित फिरला. हीच वायर, हेच हब, हेच हळदीने माखलेलं पोर्ट, आणि विंडोज अजून जागं झालेलं नाही. म्हणजे वीज पोचतेय, डेटाच्या तारा शाबूत आहेत, माउस शहाणा आहे. उंदराने वायर कुरतडल्याची शंकाही इथेच मिटली. यार्डात ती शंका आधी घ्यावीच लागते.

काही न बदलता बायोसमधून बाहेर पडलो. विंडोजचं चिन्ह आलं, लॉगिनचा पडदा आला, आणि माउसची लाइट विझली. बाण पडद्याच्या मधोमध उभा.

दुरुस्ती करणाऱ्याने ही लाइट नीट पाहिली पाहिजे. ती मुळातच लागली नाही, तर वीज, वायर किंवा पोर्ट यांच्याकडे बघायचं. लागून राहिली पण बाण हलत नाही, तर विंडोजच्या आतल्या ड्रायव्हरकडे. लागली आणि लॉगिनच्या आसपास विझली, तर माउस आणि विंडोज यांची ओळख होताना काहीतरी मोडलंय. यूएसबीच्या नियमाप्रमाणे तारेवर ३ मिलिसेकंद काहीच हालचाल झाली नाही, तर उपकरणाने झोपायचं असतं. विंडोजने त्या पोर्टाशी बोलणं सोडलं, म्हणून माउस झोपला.

माउसशिवाय आत शिरणं

पुढचं सगळं कीबोर्डवर केलं. माउस बंद पडला की माणसं पहिल्यांदा पॉवरचं बटण दाबून धरतात. त्याने एखाद दिवशी टॅलीचा डेटा बिघडायचा. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

पासवर्ड टाकून एंटर. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबलं की डाव्या कोपऱ्यात यादी उघडते, तिथे एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी. टॅबने यादीत जायचं, खालीवर बाणांनी फिरायचं, उजव्या बाणाने फांदी उघडायची, एंटरने माहिती. यूएसबीच्या फांदीत पिवळ्या त्रिकोणाची एक ओळ होती: अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड. आत कोड ४३, म्हणजे वस्तूकडून अडचण आली म्हणून विंडोजने ती थांबवली. हार्डवेअर आयडीत कंपनीच्या जागी ०००० आणि वस्तूच्या जागी ०००२. हे आकडे कुठल्या माउसचे नसतात. समोरून नाव-गाव काहीच आलं नाही की विंडोज स्वतः ही पाटी लावतं.

अगदीच बाण लागणार असेल तर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबून एंटर मारायचं, मग उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण फिरवता येतो. ई-वे बिल अडलं असताना तेवढ्यावर निभावतं. दिवाणजींना ते तिथेच करून दाखवलं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या खाली अप टाइम म्हणून एक आकडा असतो, मशीन किती वेळ सलग चालू आहे त्याचा. तिथे नऊ दिवस आणि वर काही तास दिसत होते.

दिवाणजी जवळ येऊन बघत राहिले. "असं कसं? मी तर रोज बंद करतो की. रात्री मेनसुद्धा पाडतो."

ते खरंच सांगत होते, आणि आकडाही खोटा नव्हता.

शटडाउन म्हणजे काय

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. हायबरनेट, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून वीज बंद करणं, ज्या मशीनवर चालतं तिथे ती आपोआप चालूच असते. ती चालू असताना शटडाउन केलं, तर तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचं लॉगिन बंद होतं, पण विंडोजचा गाभा आणि त्यात भरलेले ड्रायव्हर बंद होत नाहीत. ते आहेत त्या स्थितीत डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की ती फाइल परत मेमरीत उचलली जाते. गाभा नव्याने उभा राहतच नाही, म्हणून मशीन लवकर चालू होतं. वीज रात्रभर गेली तरी फरक पडत नाही, फाइल डिस्कवर असते.

रीस्टार्टला मात्र असं होत नाही. तेव्हा सगळं मोडून पहिल्यापासून उभारलं जातं, प्रत्येक ड्रायव्हर नव्याने चढतो, प्रत्येक पोर्ट नव्याने तपासलं जातं. रीस्टार्ट हे छोटं काम आणि शटडाउन हे मोठं, असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं आहे.

दिवाणजींना मी त्यांच्याच टेबलावरच्या वहीवरून सांगितलं. संध्याकाळी वही मिटताना तुम्ही खूण घालून ठेवता आणि सकाळी त्याच पानावरून पुढे लिहिता, ते शटडाउन. पाडव्याला जुनी वही संपवून नवी वही घालता आणि सगळी खाती पहिल्यापासून मांडता, ते रीस्टार्ट. त्यांना ते लगेच पटलं. पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला: मग कालच्या पानावर माउसचं खातं असूनही सकाळी तो सापडत का नाही?

पुरावा पाहायला मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. परत विंडोज आणि एक्स, मग व्ही. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-बूटची (कर्नल म्हणजे तोच गाभा) २७ क्रमांकाची नोंद असते, तिच्यात बूटचा प्रकार लिहिलेला असतो. ०x० म्हणजे पूर्ण नव्याने, ०x१ म्हणजे फास्ट स्टार्टअपने, ०x२ म्हणजे हायबरनेटमधून. लागोपाठच्या सगळ्या सकाळी ०x१ होत्या. मधला एक दिवस ०x०. दिवाणजींना आठवलं, त्या दिवशी प्रिंटर अडला म्हणून रीस्टार्ट केलं होतं. अप टाइमचे नऊ दिवस बरोबर तिथून मोजलेले होते.

तारेवर काय घडतं

वायरचा माउस लावला की कॉम्प्युटरला तो कळतो एका छोट्या रेझिस्टरवरून. माउसच्या आत दीड किलोओहमचा एक रेझिस्टर एका डेटा तारेला वर खेचून धरतो. साधा माउस यूएसबीच्या सगळ्यात हळू वेगाचा असतो, सेकंदाला १५ लाख बिट, आणि त्याचा रेझिस्टर डी-मायनस या तारेवर असतो. तार वर गेलेली दिसली की पलीकडे कळतं, कोणीतरी हळू बोलणारं आलंय. मग तार स्थिर व्हायला निदान १०० मिलिसेकंद थांबायचं, रीसेट द्यायचा, आणि विचारायचं: तू कोण? माउस १८ बाइटचं उत्तर देतो, त्यात कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो. मग त्याला एक पत्ता दिला जातो. पुढची सगळी बोलणी त्या पत्त्यावर.

हा पत्ता माउसजवळ वीज असेपर्यंतच टिकतो. आपल्या दुकानात मेन पाडला, माउस सगळं विसरला. इकडे डिस्कवरच्या फाइलमध्ये मात्र लिहिलेलं: माउस अमुक हबाच्या अमुक तोंडावर, अमुक पत्त्यावर. सकाळी ती फाइल मेमरीत उचलली, तेव्हा यूएसबीच्या ड्रायव्हरला नव्याने चढवलं गेलं नाही, फक्त जागं केलं गेलं. मध्ये वीज गेली असणार हे ड्रायव्हर ओळखतो आणि ओळखपाळख परत करायला जातो. हजारो मशीनवर हे रोज बिनबोभाट होतं. या बोर्डावर ते अडत होतं. आधी हब जागं व्हायचं, मग त्याच्या मागचा माउस. प्रश्न विचारला गेला तेव्हा हबाकडून उत्तर वेळेत आलं नाही. काही वेळा विचारून झालं की विंडोज तो नाद सोडतं आणि कोड ४३ ची पाटी लावतं. मग वायर काढून लावल्याशिवाय त्या पोर्टाकडे ते परत वळत नाही. म्हणूनच काढून लावलं की चालतो.

यातलं बोर्डाचं किती, हबाचं किती, हे वेगळं करणं भाग होतं. त्यासाठी रात्र होण्याची वाट बघायची गरज नाही. मशीन शटडाउन करायचं, भिंतीवरचं बटण बंद करायचं, आणि वीज नसताना सीपीयूचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि रात्रभर बंद ठेवल्यासारखी स्थिती तयार होते. मग चालू करायचं. दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, सकाळचा बिघाड असा हवा तेव्हा समोर आणता येतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. बिघाड मनाप्रमाणे घडवता आला की मग अंदाज करावे लागत नाहीत.

भिंतीवरचं बटण चालू ठेवून शटडाउन केलं, तर माउस सकाळसारखा अडला नाही. शटडाउननंतरही एसएमपीएस स्टँडबायचे ५ व्होल्ट देत राहतं आणि या बोर्डावर ते यूएसबी पोर्टापर्यंत पोचतात. बंद मशीनला लावलेल्या माउसची लाइट कधीकधी पेटलेली दिसते ती यामुळेच. माउस आणि हब रात्रभर उपाशी राहत नाहीत. बटण बंद केलं, वीज काढून टाकली, की अडला. माउस हबातून काढून थेट मागच्या पोर्टात लावला, तर अडायचा, पण कधीतरीच. आणि शटडाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरला, तर कुठेही लावला तरी अडला नाही. शिफ्ट धरून शटडाउन केलं की त्या एका वेळेपुरतं फास्ट स्टार्टअप टळतं, मशीन पूर्ण बंद होतं. सेटिंग बदलण्याआधी खात्री करायला हा चांगला रस्ता आहे.

म्हणजे कारण एक नव्हतं, ते जुळून आलेलं होतं. फास्ट स्टार्टअप, रात्री पूर्ण जाणारी वीज, आणि मध्ये बसलेलं हब. तिघांतलं कोणतंही एक काढलं तर त्रास कमी होत होता. काय काढायचं, हा निर्णय होता.

मेन चालू ठेवा असं शेठना सांगणं सोपं होतं. मी ते सांगितलं नाही. पोत्यांनी भरलेल्या गोदामाला लागून रात्रभर वीज चालू ठेवायची, तीही माउससाठी, हे मला मान्य नाही. मेन पाडण्याची त्यांची सवय शहाणपणाची आहे, आणि मशीनने त्या सवयीप्रमाणे चाललं पाहिजे.

फास्ट स्टार्टअप काढलं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडायची ओळ. आत गेल्यावर खालच्या खुणा फिक्या दिसतात. वरच्या "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" या ओळीवर गेलं की त्या उघडतात. "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" वरची खूण काढायची आणि सेव्ह. एवढंच. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, बायोसमधलं लेगसी यूएसबी, एक्सएचसीआय हँडऑफ या यूएसबीच्या बाकीच्या सेटिंगना मी हात लावला नाही. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या तर माउस चालू होईल कदाचित, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या बिघाडाला परत अंधारात चाचपडावं लागेल. या बोर्डासाठी नवीन बायोस निघालेलं नव्हतं, नाहीतर ते मी आधी पाहिलं असतं.

त्याची किंमत आहे, ती गिऱ्हाइकाला आधी सांगावी. जुन्या हार्डडिस्कवर मशीन चालू व्हायला आता जास्त वेळ लागतो. दिवाणजी म्हणाले, "लागू दे. तोवर मी देवाला उदबत्ती लावतो. खाली वाकायला नको म्हणजे झालं." एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली तर तोही वेळ वाचेल, हे शेठना सांगून ठेवलं.

तरीही काही सकाळी

आठवडाभर बरं चाललं. मग फोन आला: आज परत अडला. रोज नाही, पण अधूनमधून.

या वेळी मी विचारलं, आज सकाळी काय वेगळं होतं? दिवाणजींना काही सांगता येईना. मग मी ते दुकानात शिरल्यापासून काय काय करतात ते क्रमाने विचारत गेलो. मेन वर. देवाला दिवा. मोबाइल चार्जिंगला. मग कॉम्प्युटरचं बटण.

मोबाइल रात्री घरी चार्ज झाला असेल, तर ते लावत नसत. घरी लाइट गेलेली असली किंवा विसरलं, तर आल्या आल्या हबात लावत. अडायचा तो त्याच दिवशी.

हे हब स्वतःची वीज नसलेलं होतं. अशा हबाला कॉम्प्युटरच्या एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि त्यातून त्याने आपल्या प्रत्येक तोंडाला १०० द्यायचे, असा यूएसबी २ चा हिशोब आहे. माउसला तेवढे भरपूर होतात. रिकामा मोबाइल मात्र एकटाच ५०० ओढायला बघतो, आणि स्वस्तातल्या हबात त्याला अडवणारं काही नसतं. यूएसबीचा छोटा मीटर हबाच्या तोंडाला लावून पाहिला. मोबाइल नसताना ४.९ व्होल्टच्या आसपास, मोबाइल लावला की ४.४ च्या खाली. अशा हबाच्या तोंडाशी ४.४ पेक्षा कमी चालत नाही. माउसला ओळख सांगायची वेळ आणि वीज खाली बसायची वेळ एकच येत होती. हा बिघाड पहिल्या बिघाडाच्या आड लपून होता. पहिला गेला नसता, तर हा दिसला नसता.

मोबाइलला भिंतीवरचा चार्जर दिला. माउस मागच्या पोर्टात थेट लावायचा तर त्याची वायर पुरेना. बाजारात यूएसबीची एक्स्टेन्शन वायर मिळते, सगळे वापरतात, पण यूएसबी २ च्या नियमांत तशी वायर बसतच नाही. जोड वाढतो, तेवढा व्होल्टेज पडतो आणि ढिलं होणारं एक तोंड वाढतं. त्यापेक्षा सीपीयूच जमिनीवरून उचलून टेबलाशेजारी लाकडी स्टुलावर ठेवला. वायर पुरली, पोर्ट हाताच्या उंचीवर आली, आणि झाडताना उडणारी पूडही आता थेट आत जात नाही. हबात राहिलं फक्त सहीचं टोकन.

पोर्ट आणि हब यांची सफाई तेव्हा केली. हळदीची पूड या बिघाडाला जबाबदार नव्हती, पण ती तिथे राहू देण्यासारखीही नव्हती. ब्लोअर उलट्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर मारला, मग अल्कोहोलच्या बोळ्याने पट्ट्या पुसल्या. यार्डातल्या मशीनला हंगाम संपला की हे करायलाच हवं.

त्यानंतर माउस अडला तो बऱ्याच महिन्यांनी. दिवाणजींनी मला फोन करण्याआधी अप टाइम पाहिला होता. "परत तीन दिवस दाखवतंय बघा," म्हणाले. विंडोजचं मोठं अपडेट येऊन गेलं होतं आणि फास्ट स्टार्टअपची खूण परत लागली होती. अशा अपडेटनंतर ती लागलेली मी इतर मशीनवरही पाहिली आहे. फोनवरच सांगितलं, त्यांनी कीबोर्डवर जाऊन ती काढली.

त्यांचं ऐकून शेजारच्या गाळ्यातल्यांनीही तीच खूण काढून पाहिली. त्यांचाही माउस सकाळी घेत नव्हता, पण त्यांचं काही सुटेना, म्हणून मला बोलावलं. बटण दाबलं तर त्या माउसची लाइट लागलीच नाही, बायोसमध्येही नाही. वायर माउसच्या तोंडाशी जिथे आत शिरते तिथे जरा वाकवून धरली की लागायची, सोडली की जायची. दिवसा मध्येच बंद पडतो का, हेही विचारलं. पडत होता. तिथे माउसच बदलावा लागला.